तू विझवलेलं धुराडं

ताई, काल तुझी तेरवी झाली. दिल्लीहून तुझ्या कार्यालयातली दोन माणसं आली होती. त्यांनी तुझा मोठा फोटो अंगणात मांडला आणि हिंदीतून भाषणं केली. देशाच्या हवेसाठी तू आयुष्य वेचलंस, असं ते म्हणाले. आई पुढच्या खुर्चीवर बसली होती. तिनं वाकून मला विचारलं, "हे कोनाबद्दल बोलून राह्यले?" मी म्हटलं, "आपल्या ताईबद्दल." ती म्हणाली, "मंग खरं काहून नाई बोलत?"

मंडपवाल्याकडून आणलेल्या खुर्च्या एकीत एक घातलेल्या तशाच राहिल्या. ज्या गावात तू वाढलीस, त्या गावातलं कोणी तुझ्या तेरवीला जेवायला आलं नाही. वरण मी स्वतः गाईंपुढे ओतलं.

मीही आज तुझ्याबद्दल गोड लिहिणार नाही. तू गोड बाई नव्हतीस. दुसऱ्याला कुठं दुखतं ते तुला लगेच कळायचं आणि नेमकं तिथंच तू बोट ठेवायचीस. मी तुझाच भाऊ. अमरावतीच्या कोर्टात वकिली करतो, तीही या एकाच गुणावर. तेव्हा आपलं जे भांडण अर्धवट राहिलं, ते पुरं करायला बसलो आहे. मध्ये बोलायला तू नाहीस, ही त्यातली सोय.

भातकुलीकडच्या खारपाणपट्ट्यातली शेती काकांच्या हवाली करून बाबा अकोल्याजवळच्या या वीज केंद्रात लागले, तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. कोळशाच्या यार्डात त्यांचं काम. घरी आले की नळाखाली डोकं धरायचे आणि न्हाणीतून काळा ओघळ अंगणापर्यंत जायचा. गावात वीज गेली, तरी कॉलनीत जायची नाही. "अख्ख्या अकोल्याचा दिवा आपण लावतो," असं बाबा पाहुण्यांना सांगायचे. त्याच दिव्याखाली बसून तू अभ्यास केलास, मलाही शिकवलंस, आणि शेजारच्या कुंदाला गणितं सोडवून दिलीस. पहिलीपासून तुम्ही दोघी एका बाकावर. दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय घडी घालायची नाही, हे आम्हाला घराघरात शिकवलेलं होतं. राखेला कोणी राख म्हणत नसे. "आज जरा पडून राह्यली," एवढंच म्हणायचे, जशी थंडी पडते.

मग बाबा खोकू लागले. तू अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतीस. ते गेले त्या दिवशी केंद्रातले साहेब मोठा हार घेऊन आले. तू दारातच त्यांना अडवलंस. "हार वापस न्या. ज्यानं मारलं त्याचा हार मढ्यावर नाई पायजे."

साहेबाच्या हातात तो हार तसाच. बाबांच्या जागी अनुकंपेवर मला नोकरी लागणार, असं आदल्या दिवसापर्यंत सगळे धरून चालले होते. तुझ्या त्या एका वाक्यानं ती गेली. क्वार्टर सोडून आई कॉलनीच्या भिंतीलगत गावात राहायला आली. मी तुझ्याशी कितीतरी दिवस बोललो नाही. एक दिवस तू माझं बखोट धरून मला अमरावतीच्या बसमध्ये बसवलंस, लॉ कॉलेजच्या आवारात नेऊन उभं केलंस आणि म्हणालीस, "भांडाची हौस आहे ना तुले? मंग शिकून भांड." यार्डात लागलो असतो तर मीही आज खोकत असतो, किंवा नसतोच. तेव्हा त्या वाक्याबद्दल तुझे उपकार मानू की तुला शिव्या देऊ, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दिल्लीला गेल्यावर तू जे काम करत होतीस, ते समजून घ्यायला मला वेळ लागला. कुठलं वीज केंद्र किती विषारी धूर आणि कर्बवायू सोडतं, कुठलं आधी बंद करता येईल, त्याच्या जागी काय आणायचं, याचे आराखडे सरकारला करून द्यायचे. परिषदांना परदेशात जायचं. तिथं जगाच्या तापमानावर बोलायचं. तू सुट्टीत आलीस की मी तुला डिवचायचो. गिलावडा खाता खाता एकदा विचारलं, "विमानानं जाऊन हवा वाचवते म्हणे तू?" तू तोंड पुसलंस. "तू खुन्याची वकिली घेतो, तवा दरवेळी स्वतः खून करून पाह्यतो का बे?" माझी बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या दिवशी मी हरलो. बहुतेक वेळा मीच हरायचो.

आणि मग ती समिती आली. जुन्या झालेल्या केंद्रांपैकी कुठली बंद करायची हे ठरवणारी. तिच्यावर तू होतीस आणि यादीत आपलं केंद्र होतं. दुसरं कोणी असतं तर बाजूला झालं असतं. तू झाली नाहीस.

जनसुनावणी केंद्राच्या मैदानात होती. मी मुद्दाम अमरावतीहून आलो होतो. लोक पेटलेले होते. कायम नोकरीवाल्यांची बदली होणार हे सगळ्यांना माहीत होतं, प्रश्न होता कंत्राटी माणसांचा. यार्डात पिढ्यान्‌पिढ्या कंत्राटावर राबणाऱ्यांचा. कुंदाचा नवरा रमेश त्यांतलाच. कुंदा स्वतः गेटसमोर खानावळ चालवायची, तिच्याकडे जेवणारे सगळे यार्डातलेच. माईक फिरत फिरत तिच्याकडे गेला. तिनं साहेबांकडे बघितलंही नाही.

"संध्ये, बाकीच्यायचं जाऊ दे. तू सांग. आमाले काम भेटन का?"

तू मंचावर उठून उभी राहिलीस. इतका वेळ तू प्रमाण मराठीत बोलत होतीस. आता तू वऱ्हाडीत बोललीस. "कुंदे, मी इथचीच पोरगी आहो. याच जागेवर सौर ऊर्जेचा प्रकल्प येईन. पह्यलं काम यार्डातल्या मानसायले. मी सांगतो ना तुले."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, ताई. मीही वाजवल्या. युनियनच्या पुढाऱ्यानं तिथंच उभं राहून हरकत मागं घेतली. घरी येताना मला तुझा अभिमान वाटत होता, हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं. बरं झालं सांगितलं नाही.

हिवाळ्यात केंद्र बंद झालं. धुराड्यातून धूर येईना, तेव्हा लहान पोरं वर बोट दाखवून हसायची. कायम माणसं सामान ट्रकवर टाकून दुसऱ्या केंद्रांवर गेली. कॉलनी ओस पडली. सौर प्रकल्पाचा फलक गेटपाशी लागला होता, तो वादळात पडला आणि कोणी उचलला नाही. प्रकल्प दुसऱ्या जिल्ह्यात गेला. पुढच्या उन्हाळ्यात विजेची मागणी वाढली तशी भलत्याच ठिकाणी नवीन वीजसंच सुरू झाला आणि आपल्या वाट्याचा कोळसा तिकडे जळू लागला. रमेश मूर्तिजापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये गेला, हंगाम संपला तसा बडनेऱ्याला गोदामात हमालीला लागला. वयानं पाठ साथ देईना म्हणून परत आला. कुंदाच्या खानावळीत जेवायला माणूस उरला नाही. तिनं चूल पाडली आणि दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाऊ लागली.

तू दिल्लीत होतीस. गावाला राग काढायला हाताशी आई होती.

भजनात तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. रेशनच्या रांगेत बाया पुढं सरकायच्या, मध्ये अंतर ठेवून. एका दिवाळीच्या सकाळी कोणीतरी दारातल्या रांगोळीवर राखेची पाटी उपडी केली. आईनं झाडू घेतला आणि झाडून टाकली. मी पोचलो तेव्हा ती चकल्या तळत होती. मी म्हटलं, अमरावतीला चल. ती म्हणाली, "काहून? म्या काय केलं?"

मी त्याच पावली अंगणातून तुला फोन लावला. आठवतो का? "तुह्या हवेपायी माय जित्तेपणी मरून राह्यली," मी म्हणालो. तू विचारलंस, "तिचा खोकला कमी आहे का?"

"कमी आहे."

"मंग झालं," म्हणालीस आणि फोन ठेवलास.

ताई, ते वाक्य मी तुला माफ केलेलं नाही. आई आज या वयात स्वतःचं पाणी स्वतः भरते, ते तुझ्यामुळे. गावात तिच्याशी कोणी दोन शब्द बोलत नाही, तेही तुझ्यामुळेच. या दोन्हीची वजाबाकी कशी करायची हे तुझ्या दिल्लीच्या आराखड्यात कुठं लिहिलेलं असेल तर मला दाखवायला हवं होतंस.

तरी तू येत राहिलीस, हे मात्र खरं. दुसरं कोणी तोंड लपवलं असतं. तू भर बाजारातून पायी यायचीस, हातात आईची औषधं. एकदा मी बरोबर होतो. कुंदा समोरून येत होती. तिनं तुला पाहिलं आणि रस्त्यावर थुंकली. तू थांबली नाहीस, मान खाली घातली नाहीस. घरी येऊन तू भाकर खाल्लीस, आईला म्हणालीस, आंबाडीची भाजी छान झाली. तेव्हा मला वाटलं, हिच्या छातीत दगड आहे. तुला सांगितलंही. तू म्हणालीस, "दगड नाई बे, कोळसा." आणि स्वतःच हसलीस. मी हसलो नाही.

मग तुझ्या स्वादुपिंडात गाठ निघाली. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा तू अमरावतीला माझ्याकडे आलीस. ऐन वैशाखात. खिडकीला हात लावला तर चटका बसत होता. तू म्हणालीस, "एसी लाव." मी म्हटलं, "आता? जिंदगीभर लोकायले एसी बंद कराले लावले अन् आता?" खरं म्हणजे मी रिमोट हातात घेऊनच उभा होतो, पण बोललो. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "मेली की बंद करजो. लक्षात ठेवजो, तुही आदत नाई."

त्या आठवड्यातच मी तुला विचारलं. आजारी माणसाला हे विचारायचं नसतं. पण मला ठाऊक होतं की आता विचारलं नाही तर राहून जाईल.

"ताई, सुनावणीत तू कुंदाले जे सांगतलं, तवा तुले माहीत होतं का?"

"काय?"

"की सौरचं इथी काईच येनार नाई."

तू छताकडे बघत होतीस. "होतं. ते दुसरीकडं गेलं हे आधीच समजलं होतं मले."

मला वाटत होतं तू म्हणशील, मलाही फसवलं. इतकी वर्षं मी मनात तुझी तेवढी एक बाजू राखून ठेवली होती. वकील कुठल्याही आरोपीसाठी एखादी तरी राखतो.

"मंग काहून बोलली?"

"नाई बोलली असती त बंद झालं नसतं."

"अन् बंद करून काय भेटलं? कोळसा तिकडं जळूनच राह्यला."

"इथच्या मानसायच्या छातीत तरी नाई जात."

"हे तू एकटीनं ठरवलं?"

इथं तू थोडा वेळ घेतलास. मला वाटलं, दुखतंय.

"एकटीनंच."

मग मी ते बोललो. ज्यांच्याविरुद्ध तू आयुष्यभर लढलीस, त्यांच्यात आणि तुझ्यात काडीचा फरक नाही, असं बोललो. तेही लोकांना असंच गोड सांगून राख खायला लावत होते. तू माझ्याकडे पाहिलंस. मी उत्तराची वाट बघत होतो, तुझ्याकडे नेहमी असायचं. तू म्हणालीस, "पानी दे." मी चमच्यानं दिलं. त्यानंतर आपण बोललो ते फक्त उशी वर घेऊ का, दुखते का, पडदा ओढू का, एवढंच. भांडण तसंच राहिलं आणि तू गेलीस.

आईच्या हट्टापायी तुला गावात नेलं. तिरडीला खांदा द्यायला मी, माझा जावई, रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, आणि चौथा कोणी मिळेना. स्मशानाच्या फाटकाशी रमेश उभा होता. मला वाटलं, शेवटी माणसाला माणूसपण येतंच. मी त्याच्याकडे बघून मान हलवली. तो म्हणाला, "मी खांदा द्याले नाई आलो, वकीलसाहेब. मेली का नाई हे पाहाले आलो." आणि खरोखर, चितेला अग्नी देईपर्यंत तो हाताची घडी घालून उभा होता. लाकडं धडधडून पेटल्यावर गेला. चौथा खांदा शेवटी लाकडांच्या वखारवाल्यानं दिला. तुझ्या अस्थी मी कौंडण्यपूरला नेऊन वर्धा नदीत सोडल्या.

इथपर्यंत मी तुला मनात बरोबर बसवून टाकलं होतं. आज सकाळी आईनं सगळं उलटं केलं.

तेरवीची भांडी मोजून मंडपवाल्याला परत द्यायची होती. मी रागानं म्हणालो, गावातलं कुत्रंही आलं नाही, हे ताईनं स्वतःच्या हातानं करून ठेवलं. आई पराती पुसत होती. ती म्हणाली, "तिच्या हातानं नाई. माह्या."

मला कळलंच नाही. मग तिनं सांगितलं. सुनावणीच्या दिवशी दुपारी तू घरी जेवायला आली होतीस. ताटावर बसलीस आणि घास उचलेना. आईनं विचारलं. तू म्हणालीस, माय, केंद्र बंद करायचं तर खोटं बोला लागते, अन् समोर कुंदा राहीन. माह्यानं नाई होत. मी समितीतून नाव काढून घेतो.

"मंग तू काय म्हणली?" मी विचारलं.

"बोल म्हटलं."

"आई!"

"तुह्या बापानं उशीवर थुंकलेलं काळं म्या धुतलं, गजानना. तू नाई धुतलं. रमेश बी तसाच खोकलून राह्यला होता. म्हटलं, कुंदीच्या नशिबी बी तेच येईन. पोटाचं काय, मानूस कुठीबी भरते. बोलून टाक म्हटलं."

"अन् मले येवढी वर्सं काहून नाई सांगतलं?"

"तिनं शपथ घातली. म्हणे, माय, तुले या गावात राहाचं आहे. नाव माह्यंच राहू दे, मी काई इथी राह्यत नाई." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "अन् तुले सांगतलं असतं त साऱ्या जिल्ह्यात झालं असतं."

ताई, मी त्या परातींच्या ढिगाशी बसून राहिलो. मी तुला आईवरून किती बोललो होतो. दिवाळीच्या त्या फोनवर, घरी, कोर्टात बोलतो तसं मुद्दे काढून काढून. तू एकदाही म्हणाली नाहीस, जा, तिलाच विचार. मरतानासुद्धा "एकटीनंच" म्हणालीस. तेव्हा तू थांबली होतीस ते दुखत होतं म्हणून नाही, एवढं आता मला कळलं. मला तुझा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी इतका संताप आला, की तू समोर असतीस तर हाताला लागेल ते फेकून मारलं असतं. तुम्ही दोघींनी मला माझ्याच घरात परका ठेवलं.

आईनं चपला घातल्या. मी म्हटलं, कुठं? ती म्हणाली, "कुंदीकडं. शपथ घालनारी गेली, शपथ गेली." मी आडवा आलो. म्हटलं, आता काय उपयोग, मेलेल्या माणसाचं राहू दे. ती म्हणाली, "मेली म्हनूनच. जित्ती असती त तिनं जाऊ देलं नसतं."

मी तिचा हात धरून कॉलनीतून चाललो. अर्ध्या घरांची दारं चोरांनी काढून नेलेली. कुंदा ओट्यावर बसून राखेनं भांडी घासत होती. आम्हाला पाहून उठली नाही. आई तिच्यासमोर उभी राहिली आणि आत्ता तुला सांगितलं तेवढं सगळं, एकही शब्द कमी न करता बोलली. शेवटी म्हणाली, "तिच्यावर थुंकली तू. माह्यावर थुंकाचं होतं. पन एक सांग, रमेशचा खोकला थांबला का नाई?"

कुंदाच्या हातातली घासणी थांबली.

"थांबला, काकू. मी कधी नाई म्हणलं?" ती आईकडे बघत नव्हती, ताटातल्या पाण्याकडे बघत होती. "संध्यानं मले तवा खरं सांगतलं असतं, त मी काय म्हणली असती? कदाचित म्हणली असती, बंद कर बाई, नवरा वाचू दे. कदाचित म्हणली असती, खोकू दे, पन काम राहू दे. मले खरंच माहीत नाई. पन तुमी माय-लेकीनं ताटावर बसून माह्या घराचं ठरवून टाकलं. मी काई दूर नोयती. कॉलनीच्या भिंतीपलीकडं होती. विचाराले त पायजे होतं."

ताई, याला तुझ्याकडे उत्तर असतं का? मला नाही वाटत.

कुंदानं बसा म्हटलं नाही, चहाचं विचारलं नाही. आपल्याकडे वैऱ्यालाही पाणी विचारतात. आई वळली, मीही वळलो. कोपऱ्यावर गेल्यावर मी मागं पाहिलं. कुंदा अजून तिथंच होती, राखेनं भरलेला हात तोंडावर धरून रडत होती. तुझ्यासाठी की स्वतःसाठी, कळेना. मागं जाऊन विचारावं असं एकदा मनात आलं. गेलो नाही. आपल्या घरात ती सवयच नाही.